भायर पावस पडता काय?

मे महिना संपत आला होता. साखरपुड्याची खरेदी कुडाळच्या बाजारात होणार नाही, हे धाकट्या पुतणीने आधीच जाहीर केलं होतं. म्हणून मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीतून गाडी निघाली ती थेट गोव्यातल्या एका मॉलकडे. आईला न्यायचं ठरलं नव्हतं. "आजी, एकदा बघ तरी," म्हणत पुतणीनेच तिला गाडीत बसवली. आई ऐंशीच्या घरात आहे. ठेवणीतलं पातळ नेसून ती आली खरी, पण निघताना तिने तीनदा मागे वळून खळ्याकडे बघितलं. खळ्यात सोलं वाळत होती, शेजारी मिरच्या.

सोलं म्हणजे देशावरच्या लोकांची आमसुलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बी आणि गर वेगळा काढायचा, त्यात मीठ घालून आगळ करायचं आणि साली त्या आगळात बुडवून उन्हात घालायच्या. संध्याकाळी गोळा करायच्या, सकाळी परत बुडवायच्या, परत ऊन. असे पुट चढवता चढवता आठवडा जातो. मधेच पाऊस आला की सगळी मेहनत बुरशीच्या हवाली. आईची सोलं त्या दिवशी पाचव्या पुटावर होती.

पहिला अर्धा तास ती खूश होती. गारवा आवडला, चकचकीत फरशीत आपली सावली दिसते याचं नवल वाटलं, सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना तिने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत होतं. मग दुसऱ्या मजल्यावर, कपड्यांच्या एका दुकानात, ती एकदम थांबली आणि चारी भिंतींकडे बघायला लागली.

"भायर पावस पडता काय रे?"

मी खिडकी शोधली. खिडकी नव्हती. मोबाइल काढला, तर त्यात ढगाचं चित्र होतं, पण तसं ते जून तोंडावर आला की रोजच असतं. आईने दुकानातल्या मुलीला गाठलं. "गो बाय, भायर पावस पडता काय?" मुलगी गोड हसली. "म्हाका खबर ना आंटी, सकाळीं धा वरांचेर भितर आयल्यां." जिन्यापाशी उभ्या असलेल्या रखवालदाराला विचारलं, त्यालाही पत्ता नव्हता. रात्री ड्युटी सुटल्यावर कळेल, म्हणाला.

आईचा हिशोब साधा होता. पाऊस दक्षिणेकडून वर सरकत येतो. इथे लागला असेल, तर घरी फोन करून शेजारच्या काकीला सांगायला अजून वेळ होता. पण तिच्या हिशोबाला लागणारी एवढीशी बातमी त्या तीन मजली इमारतीत कुणाकडेच नव्हती. "इतकी माणसां आसत आणि भायर पावस पडता काय तां एकाक म्हायत नाय?" ती हे रागाने म्हणाली नाही. तिला खरोखरच ते विचित्र वाटलं होतं.

तिला काय सांगायचं, की बाहेरचा पाऊस आत कळू नये याचसाठी ही जागा जन्माला आली आहे? व्हिएन्नात जन्मलेला व्हिक्टर ग्रुएन नावाचा एक वास्तुरचनाकार 1938 साली नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत गेला. मिनेसोटातल्या एडिना गावी त्याने बांधलेलं साउथडेल सेंटर 1956 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं. पूर्ण बंदिस्त, बारा महिने एकच हवा असलेला हा पहिला मॉल. तिकडे थंडी हाडं गोठवणारी आणि उन्हाळा अंगाची लाही करणारा, तेव्हा छताखाली आणलेला हा कायमचा वसंत लोकांना स्वर्गच वाटला असणार. मधल्या चौकात झाडं होती, पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता. ऋतू बाहेर ठेवून पक्षी आत घेतले होते.

गंमत म्हणजे ग्रुएनच्या डोक्यात दुकानं नव्हतीच, किंवा दुकानं हे निमित्त होतं. त्याला व्हिएन्नासारखा चौक हवा होता, जिथे माणसं रेंगाळतील, गप्पा मारतील, कॉफी पितील. भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग अशी सगळी वसाहत त्याच्या आराखड्यात होती. बांधली गेली ती दुकानं, आणि त्यांच्याभोवती गाड्या लावायला मैदान. पुढे मॉलच्या पिकाला अमेरिकाभर ऊत आला, तेव्हा म्हातारपणी त्याने या लेकराचं बापपण चक्क नाकारलं. तो व्हिएन्नाला परत गेला, तर तिथेही शहराच्या दक्षिणेला एक भलंमोठं शॉपिंग सेंटर उभं राहिलं. माणूस एखाद्या वस्तूसाठी दुकानात शिरतो आणि झगमगाटात ती वस्तू विसरून नुसताच फिरायला लागतो, त्या क्षणाला आता याच ग्रुएनचं नाव आहे. नशीब तरी कसं बघा.

त्या दुपारी मी त्या क्षणात किमान चारदा सापडलो. आलो होतो पुतणीचा घागरा आणि माझे बूट घ्यायला. हातात आल्या दोन टी-शर्ट, एक वास येणारी मेणबत्ती, आणि पास्ता उकडायची चाळणी. आमच्या घरात पास्ता वर्षातून एकदा होतो, तोही फसतो. वस्तू हातात घेताना छातीत जी हलकी उडी बसते ती मात्र खोटी नसते. ती गाडीत पिशवी ठेवेपर्यंत टिकते. कधी कधी पैसे देण्याच्या रांगेतच विरते, आणि मग माणूस रांगेत उभ्या उभ्या शेजारच्या चॉकलेटांकडे बघायला लागतो. दुकानदारांनाही हे ठाऊक असणार, उगाच का चॉकलेटं तिथे ठेवतात.

आईने काहीच घेतलं नाही. किराण्याच्या भागात तिला कोकमाचं पाकीट दिसलं. तिने ते उलटंसुलटं केलं, किंमत वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग पाकिटातली साल बाहेरूनच चाचपून म्हणाली, "दोनच पुट दिलेत." पाकीट जागेवर ठेवलं. त्या कपाटासमोर बरेच लोक होते, पण पुट मोजू शकणारी बाई एकच होती.

तेव्हा मला बाबा आठवले.

बाबा परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण, जेवण खाणावळीत, पाळ्या बदलत्या, आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर. आमच्या जिल्ह्याची चूल अशाच मनीऑर्डरीवर पेटायची. मे महिन्यात ते यायचे तेव्हा त्यांच्या ट्रंकेत काय असेल हे आम्हाला तोंडपाठ होतं, तरी ती उघडताना आम्ही श्वास रोखायचो: आईला पातळ, आम्हाला गिरणीच्या कापडाचे एकाच ताग्यातले सदरे, बॅटरीचे सेल, चहापावडर आणि हलव्याचा एक डबा. सदऱ्यांचा रंग दर वर्षी वेगळा, पण चार भावंडांचा एकच. जत्रेत हरवलो असतो तर ओळखायला सोपं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. पावसाच्या तोंडावर बाबा ट्रंक घेऊन आले, ती ट्रंक परत मुंबईला गेली नाही. गिरण्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 1991 च्या नियमात मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, इमारतींखालची जमीन हिशोबातून वगळली गेली, महापालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मालकांचीच बाजू टिकली. भोंगे गेले आणि त्या जागी काचा आल्या.

2007 च्या सुमारास बाबांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं होतं. पट्टी सुटल्यावर म्हणाले, गिरणी बघून येऊ. मी म्हटलं, तिथे आता मॉल आहे. "असांदे. जागा तर खंय गेली नाय मा?" आम्ही गेलो. त्यांनी हळहळ वगैरे काही केली नाही. मीच मनाशी तयारी करून गेलो होतो की ते कुठेतरी थांबतील, डोळे भरून येतील. ते सरळ एका कपड्यांच्या दुकानात शिरले, टांगलेल्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळली आणि विक्रेत्या पोराला विचारलं, "सूत कितव्या नंबरचां?"

"साइझ काय पाहिजे अंकल? फॉर्टी?"

"फॉर्टी नाय दिसत. तीसचां आसतला."

दोघं आपापल्या ठिकाणी बरोबर होते. बाबा सुताचा नंबर, म्हणजे धागा किती बारीक ते बोलत होते, पोरगा छातीचं माप. बाबांनी मग किंमत बघितली आणि एक आकडेमोड केली, ओठ हलवत. किती किलो सुताचे हे पैसे होतील, असा काहीतरी त्यांचा हिशोब असावा. उत्तर त्यांनी मला सांगितलं नाही. बाहेर पडताना एवढंच विचारलं, "ह्यांका भोंगो नाय? मगे सुटतत कधी?"

तो पोरगा बोलण्यावरून आमच्याकडचाच वाटला. कणकवलीकडचा असेल. त्याच्याही घरी पैसे जात असणार, आता मोबाइलवरून.

मुंबईतला मॉलचा जमाना 1999 मध्ये हाजीअलीजवळ सुरू झाला. तिथे सुरुवातीला ज्याच्याकडे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच फुकट प्रवेश होता, बाकीच्यांना दाराशी पैसे मोजावे लागत. काही वर्षांनी त्या मॉलचं नाव बदललं, मग एकेक दुकान उठत गेलं. आज जुने मॉल ओस पडल्याच्या बातम्या येतात, आणि त्याच वेळी आमच्याकडे, हायवेच्या कडेला, नवी मार्ट उघडतात. पहिल्या रविवारी लोक नवे कपडे घालून गेले होते. मीही गेलो होतो, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

आमच्याकडे पूर्वी खरेदीचा मोठा मोसम म्हणजे आगोट. मृग लागायच्या आधी चार महिन्यांची बेगमी करायची, कारण एकदा नदीनाले भरले की वाडी आणि बाजार यांच्यामध्ये पाण्याचं राज्य. आईची यादी कागदावर कधीच नव्हती. तांदूळ मुडीत बांधून आढ्याजवळ. कुळीथ राख लावून. खडेमीठ टोपलीत, खाली भांडं ठेवून, म्हणजे पावसात त्याला सुटणारं पाणी वाया जाणार नाही. हे मीठ शिरोड्याकडचं असायचं, जिथे 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि लोकांनी लाठ्या खाल्ल्या. (मॉलमध्ये त्या दिवशी गुलाबी मिठाची काचेची बाटली बघितली, तेव्हा हेच आठवलं.) सुके बांगडे, सुकट, गोलमा. मिरचीचा मसाला. आंबोशी, फणसाची साठं, वर्षभराची सोलं. चुलीच्या वर लाकडं, म्हणजे धुराने कोरडी राहतात. शेणी. छपराला नवी झापं. आणि कांदे वेण्या घालून माळ्यावर.

हे सगळं जमेपर्यंत आई कुणाशी धड बोलायची नाही. मग एका संध्याकाळी, बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती माळ्यावर कंदील घेऊन चढायची, एक फेरी मारायची, खाली येऊन पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "झाली आगोट." त्या दोन शब्दांनंतर घरात काहीही विकत यायचं नाही. वाण्याची पायरीही आम्ही चढायचो नाही. बाहेर धो धो लागलेला असायचा आणि आत कसली तरी पूर्णता असायची. माळ्याला कांद्याचा, सुक्या मासळीचा, धुराचा वास.

तो वास आठवून गळा काढणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. मिरच्या कुटून आईच्या हाताची दोन-दोन दिवस आग व्हायची. संपाच्या वर्षी आगोट अर्धीच झाली. वाण्याच्या वहीत आमचं पान भरलं होतं आणि श्रावण उजाडेपर्यंत पेजेत शितं मोजण्याइतकी असायची. आमच्या वाडीपलीकडच्या घरांना तर माळाच नव्हता, ठेवायला काही नव्हतं म्हणून. बेगमी हा पोटाला दोन घास जास्त असलेल्यांचा सण होता.

पण पुरे म्हणण्याची एक तारीख होती, हे खरं. समुद्रालाही आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, 61 दिवस. जाळी घरी येतात, होड्या किनाऱ्यावर शाकारतात. मासळीला वाढायला मोकळीक मिळते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्या पुन्हा उघडायचा. एवढं मोठं दुकान, पण वर्षातून दोन महिने बंद. मॉलला सुट्टी असलीच तर एखाद्या दिवसाची, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तिचाही सेल लागतो.

आता आमच्या माळ्यावर काय आहे ते सांगतो. खोकी. हल्ली या शब्दाला महाराष्ट्रात वेगळाच वास येतो, पण ही खरीच पुठ्ठ्याची आणि खरीच रिकामी. मिक्सरचं, टीव्हीचं, दोन मोबाइलांचं, माझ्या मसाज मशिनचं, सुनेच्या एअर फ्रायरचं. वॉरंटी असेपर्यंत खोकं टाकायचं नसतं, असं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते वेदवाक्य मानलं. वॉरंटी संपते, मशीन बिघडतं, मशीन भंगारात जातं, खोकं मात्र माळ्यावर राहतं. पार्सलवाला पोरगा भर पावसात रेनकोटातून नवं खोकं काढून देतो. "पिंपळाच्या वरचा घर मा?" म्हणून फोन करतो, चिखलात गाडी घसरवत येतो, ओटीपी विचारतो. आत मोबाइलचं कव्हर असतं, बाकी हवा. त्या पोराच्या बापाच्या डोक्यावरून आमच्याकडे मीठ यायचं.

गेल्या वर्षी मी साफसफाईला वर चढलो, तेव्हा मोजलेली खोकी चौतीस. आईला खालून विचारलं, टाकू का? ती म्हणाली, "रवांदे, वजन खंय आसा त्येंका."

हे सगळं मी परतीच्या वाटेवर गाडीत बोलत होतो. म्हणजे मॉलबद्दल तोंडसुख घेत होतो. पुतणी मागच्या सीटवर बसून ऐकत होती. बांद्याचा नाका मागे पडल्यावर तिने तोंड उघडलं.

"काका, तुला वाण्याचं दुकान गोड वाटतं कारण तू पुरुष आहेस. मी आठवीत असताना पॅड आणायला गेले, तर दुकानात तुझेच दोन मित्र बसले होते. वाण्याने वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, असं दिलं की जसं मी चोरी केलीय. आणि संध्याकाळी त्याच्या बायकोने आईला विचारलं, चेडू मोठां झालां मा? मॉलमध्ये मला कुणी विचारत नाही मी कोणाची. मी मैत्रिणीबरोबर दोन तास नुसती बसते. एक कॉफी घेते. घरी येईपर्यंत मी कुणाची मुलगी नसते, कुणाची भाची नसते. तुला ते रिकामं वाटतं. मला मोकळं वाटतं."

मी गप्प बसलो. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. आमच्या आठवडी बाजारात "कोणाचो रे तू?" या प्रश्नात माया होती, तशी पाळतही होती. ज्या माणसाला आडनाव सांगायची लाज वाटायला लावली गेली, त्याला तर तो प्रश्न सुरीसारखाच लागला असेल. काचेच्या दारात आडनाव विचारत नाहीत. खिसा मात्र विचारतात, फक्त तोंडाने नाही. ग्रुएनला हवा होता तो चौक कदाचित या पोरींनी त्या कॉफीच्या टेबलापुरता बांधलाय, त्याच्या आराखड्याला न विचारता.

आई पुढच्या सीटवर काच खाली करून बसली होती. तिचं आमच्या वादाकडे लक्ष नव्हतं. ती हवेचा वास घेत होती. मॉलच्या बाहेर आलो तेव्हा आभाळ कोरडं होतं, पण झाराप सोडल्यावर रस्त्याच्या कडेला लाल पाणी दिसायला लागलं. कुडाळात तर गटारं वाहत होती. आई काहीच बोलली नाही. फक्त कुडाळ सोडल्यावर एकदा म्हणाली, "वायच बेगीन." जरा लवकर.

घरी पोचलो तेव्हा दिवे गेलेले. शेजारच्या काकीने सोलं पडवीत ओढून घेतली होती, वर जुनं पातळ टाकून. मिरच्यांपर्यंत पोचेपर्यंत पाऊस तिच्यापेक्षा पुढे होता. सुपात घेऊन बघितल्या तर निम्म्या ओल्या, फुगलेल्या. "तुमका फोन केलंय," काकी म्हणाली, "लागाकच नाय." आत रेंज नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आईने ठेवणीतलं पातळ बदललं नाही. तशीच चुलीपाशी बसली, जाळ मंद केला, मोठी कढई चढवली आणि ओल्या मिरच्या मूठ-मूठ करून परतायला घेतल्या. पहिल्या मुठीलाच घरभर ठसका. पुतणी खोकत खोकत आली, पदर नव्हता म्हणून ओढणी नाकाला लावली आणि शेजारी पाट घेऊन बसली. काकी पडवीत मोबाइलच्या उजेडात सोलं निवडत होती. मी दार उघडं टाकलं तसा पाऊस थोडा आत आला. सगळे डोळे पुसत होते.

"थंय काय मेळलां?" काकीने मला विचारलं.

पिशव्या गाडीतच होत्या. सकाळपर्यंत कुणाला आठवण झाली नाही.